कागदाच्या मागची बारावी ओळ

आधीच सांगून टाकतो, मी हे भुताखेतांच्या अनुभवांचं सदर नेमाने वाचतो, पण ते इथल्या गोष्टींतल्या चुका काढायला. नागपूर-अमरावती रस्त्यावर हात दाखवणारी पांढऱ्या साडीतली बाई वाचली, की माझा पहिला प्रश्न असतो — ट्रकचे दिवे नीट लागत होते का, आणि ड्रायव्हरने त्याआधी ढाब्यावर किती घेतली होती? बायको म्हणते, तुमच्यासमोर भूत आलं तर तुम्ही त्याचं रेशनकार्ड मागाल. असेल. संकेत, चाहूल, 'मला आतून जाणवलं' वगैरेवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं विचाराल तर आजही नाही... तरी लिहितोय, कारण ज्या एका गोष्टीत मला इतक्या वर्षांत चूक सापडली नाही, ती माझ्याच बाबतीत घडलेली आहे. तिच्यात स्मशान नाही, पिंपळ नाही, रात्रसुद्धा नाही. भर दुपार, डोक्यावर पंखा, दोन माणसं आणि एक कॉम्प्युटर, एवढंच.

नावं बदलली आहेत. बाकी जसं झालं तसं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत, एका पत्र्याच्या शेडमध्ये बोंडे साहेबांचा छोटासा कारखाना होता. आम्ही सहा-सात माणसं. मोटारपंपाचे स्टार्टर बनवायचो, मग साहेबांच्या डोक्यात आलं की कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगसाठी एक कंट्रोलचा डबा बनवावा. त्या डब्यात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटभर लांबीची एक चिप, जिच्यात आपण प्रोग्राम भरायचा. मी नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेलो, त्यामुळे प्रोग्राम, कॉम्प्युटर, सगळं माझ्या गळ्यात. कॉम्प्युटरला वेगळी खोली होती, पडदा होता आणि चपला बाहेर काढून आत जायची पद्धत होती. ती कुणी पाडली माहीत नाही, पण साहेबसुद्धा पाळायचे.

हा डबा कशासाठी, ते सांगायला हवं. प्रेसमध्ये एक मोठी लोखंडी पेटी असते. तिच्यात रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, टाकतात, एक-दोन माणसं आत उतरून ती पायांनी तुडवतात, बाहेर येतात, दार लागतं, आणि मग खालून पंपाच्या जोरावर प्लेट वर येऊन रुईची गाठ बांधली जाते. दार उघडं असताना पंप चालूच होऊ नये, हे आमच्या डब्याचं काम. बाकीची कलाकुसर पुष्कळ होती, पण मुख्य काम हेच.

आमच्याकडे मंदाबाई सोल्डरिंगला, म्हणजे सर्किटवर भाग डाग देऊन जोडायला होती. नालवाडीत राहायची, मॅट्रिक झालेली, तिशीतली, हात इतका स्थिर की तिने लावलेला टाका मी कधी परत तपासला नाही — आणि मी सगळं तपासतो. तिचा नवरा नामदेव. घरची थोडी शेती भाऊ बघायचा, हा हंगामात कारंजा घाडगेजवळच्या एका प्रेसमध्ये रुई तुडवायला जायचा आणि बाजाराच्या दिवशी घरी यायचा. आमचा पहिला डबा चाचणीसाठी लागला तो नेमका त्याच प्रेसमध्ये. म्हणजे मंदाबाई इथे ज्या डब्याचे टाके लावायची, त्याच्या भरवशावर तिचा नवरा तिकडे पेटीत उतरायचा. ती हे कधीकधी हसत बोलायची, मी फारसं मनावर घेत नसे.

पहिल्या हंगामाच्या शेवटी तिथून तक्रार आली. दार पुरतं लागायच्या आधीच पंप एकदा सुरू झाला होता. आत कोणी नव्हतं. मी महिनाभर प्रोग्राम चाळला, माझी चूक सापडेना. शेवटी लक्षात आलं की दोष माझ्या प्रोग्रामचा नसून कम्पायलरचा आहे. कम्पायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा आकड्यांत बदलून देणारं सॉफ्टवेअर. आमचा बंगलोरच्या एका लहानशा कंपनीचा होता, चार फ्लॉपींवर आलेला. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. दसऱ्याच्या सुमारास उत्तर आलं, सोबत एक कागद. 'आपल्या कम्पायलरमध्ये खालील अकरा बदल करावेत.'

आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. आता अपडेट म्हणजे बटण दाबलं, चहा पिऊन आलं, झालं. तेव्हा अपडेट पोस्टाने यायचं आणि ते हाताने टाईप करावं लागायचं. कागदावर प्रत्येक ओळीत तीन गोष्टी — पत्ता, तिथला जुना आकडा, नवा आकडा. पत्ता टाकला की स्क्रीनवर जुना आकडा दिसायचा. तो कागदाशी जुळला की समजायचं आपण बरोबर जागी आहोत, मग नवा टाकायचा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कम्पायलर बाद, म्हणून हे काम आम्ही दोघं मिळून करायचो. एकाने वाचायचं, एकाने टाईप करायचं. वाचायला कायम मंदाबाई.

या आकड्यांत ए पासून एफपर्यंत अक्षरंही येतात, आणि पंख्याच्या आवाजात बी, सी, डी, ई सगळे सारखेच ऐकू येतात. त्यावर तोड तिनेच काढली होती. आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब, इमली, फणस. तिला त्या आकड्यांचा अर्थ शून्य कळायचा, पण अशी वाचायची की एकदाही परत विचारावं लागायचं नाही. माझी पण एक खोड होती. प्रत्येक ओळ टाईप करतानाच वहीत उतरवून घ्यायची.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा तापलेला. ती स्टुलावर बसून वाचत होती, मी टाईप करत होतो. पंधरा-वीस मिनिटांत कागद संपत आला. शेवटच्या ओळीनंतर मी सेव्ह करायला हात नेला, तेवढ्यात तिने कागद उलटला.

"मागं एक हाय," म्हणाली, आणि त्याच आवाजात वाचलं. "सात, बोर, इमली, चार. होतं शून्य दोन. करा शून्य तीन."

मी पत्ता टाकला. स्क्रीनवर शून्य दोन आलं. जुळलं. मी शून्य तीन टाकलं, वहीत लिहिलं, सेव्ह केलं.

मग माझ्या सवयीप्रमाणे लाल पेन्सिल घेऊन वही आणि कागद ताडून पाहायला बसलो. वहीत बारा ओळी, कागदावर अकरा. पत्रातही अकराच म्हटलेलं. मी कागद उलटला. मागची बाजू कोरी. खिडकीशी नेऊन उजेडात धरला, तिरपा करून पाहिला. पेन्सिलीची रेघ नाही, कार्बनचा ठसा नाही, काही नाही.

मंदाबाईला विचारलं, बारावी कुठून वाचली? तिने कागद माझ्या हातून घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. मग ती खाली बसली.

"टाईपातच होती, भाऊ. खाली, कोपऱ्याले."

मी म्हटलं, उन्हातून आली असशील, डोळे दिपले असतील. थट्टेतच म्हटलं, पण तिला लागलं ते.

"मी काऊन मनानं वाचीन? मले का त्यातलं काई समजते?"

हा मुद्दा बिनतोड होता. हजारो पत्त्यांमधून तिने एक उचलला, आणि तिथे जुना आकडा तोच निघाला. पण मी कसला ऐकतो... शून्य दोन काय, ढिगाने असतात, जुळला असेल योगायोगाने. मी म्हटलं, ती ओळ काढावी लागेल. त्यावर ती उठता उठता थांबली.

"राहू द्या ना, भाऊ. तुमाले काई तरास देऊन राह्यली का ती?"

मी म्हटलं, "पाहतो."

पाहिलंही, अगदी रीतसर. बारावी ओळ ठेवून आमचा प्रोग्राम तयार केला, एक चिप भरली. ती ओळ काढून केला, दुसरी चिप भरली. ओळ ठेवल्यावर प्रोग्राम काही बाइट मोठा होत होता, बाकी टेबलावर डबा दोन्ही चिपांवर सारखाच चालला. मग निर्णय सोपा होता. माझे वडील कचेरीत होते, कागदावर नाही ते नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. मी सात-बोर-इमली-चारला परत शून्य दोन केलं. फुकटचे बाइट वाचवले याचं बरंही वाटलं. मंदाबाईला काही सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून, असं तेव्हा मी म्हटलं असतं, पण खरं म्हणजे मला परत तो वाद नको होता.

दिवाळी झाली आणि मी स्वतः कारंज्याला जाऊन नवी चिप बसवली. नामदेव तिथेच होता. केसांत रुई, अंगात बनियन, हसरा माणूस. त्या प्रेसमध्ये जुनी रीत अशी होती की तुडवणारा पेटीबाहेर आला की दारावर दोन थापा मारायचा आणि 'निंघालो' म्हणून हाळी द्यायचा. ती ऐकल्याशिवाय ऑपरेटर बटणाला हात लावायचा नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की आता याची गरज उरली नाही. बटण आधीच दाबून ठेवलं तरी चालेल, दार लागेपर्यंत डबा पंप सुरू करणार नाही, त्याने प्रत्येक गाठीमागे वेळ वाचेल. नामदेव म्हणाला, चला, आमचा घसा वाचला. सगळे हसले, मीही.

जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी समोरच उभा होतो. साहेब फक्त 'हो, हो' करत होते आणि त्यांची नजर सोल्डरिंगच्या टेबलाकडे जात होती. मंदाबाई मान खाली घालून काम करत होती. नामदेव पेटीत असताना, दार उघडं असताना, पंप सुरू झाला होता. ऑपरेटरने बटण दाबून ठेवलेलं होतं, आम्ही सांगितल्याप्रमाणे. त्याला वर्ध्याला आणेपर्यंतसुद्धा तो राहिला नाही.

त्याबद्दल यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही.

चौकशी झाली. डबा काढून आमच्याचकडे तपासायला आणला. मी तो रात्रंदिवस चालवला, दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं... एकदाही चुकला नाही. दाराचा स्विच झिजलेला असावा, असं कागदोपत्री ठरलं आणि प्रकरण मिटलं. मीही स्वतःला तेच सांगितलं. बारावी ओळ मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही, शपथेवर सांगतो.

मंदाबाई होळीच्या आधी कामावर परत आली. पूर्वी बोलायची, ते बंद झालं. हात मात्र तसाच स्थिर.

मे महिन्यात बंगलोरहून दुसरं पाकीट आलं. पत्रात लिहिलं होतं की आणखी एक दोष अलीकडेच सापडला आहे, दुसऱ्या एका ग्राहकाच्या तक्रारीवरून, आणि त्यासाठी एकच बदल करायचा आहे. चिप एखादं काम करत असताना मध्येच दुसरं तातडीचं काम आलं, तर हातातल्या तीन गोष्टी नीट जपून ठेवून जायला हवं, म्हणजे परत आल्यावर त्या जागच्या जागी मिळतात. हा कम्पायलर तीनऐवजी दोनच जपत होता. क्वचित, अगदी नको त्या क्षणी दुसरं काम आलं, की तिसरी गोष्ट हरवायची आणि चिप भलताच निर्णय घ्यायची, आमच्या डब्यात उघडं दार लागलेलं समजून पंप सुरू करण्यासारखा. टेबलावर ते महिनोन्महिने दिसणार नाही, असंही त्यांनीच लिहिलं होतं.

खाली एक ओळ. पत्ता सात बी ई चार. जुना शून्य दोन. नवा शून्य तीन.

मी वही काढली. माझ्याच अक्षरात, ऑक्टोबरच्या पानावर, तीच ओळ. तिच्यावर मीच मारलेली लाल काट.

त्या दिवशी मी पोस्टात जाऊन बंगलोरला ट्रंककॉल लावला. ज्याने पत्रावर सही केली होती तोच इंजिनिअर भेटला. मी त्याला आडून आडून विचारलं, हा बदल तुम्हाला ऑक्टोबरात माहीत होता का? चुकून आधीच्या कागदावर छापला गेला असेल का, मागच्या बाजूला? तो म्हणाला, साहेब, ऑक्टोबरात तो कुणालाच माहीत नव्हता, मार्चमध्ये मला स्वतःला सापडला, तीन आठवडे लागले. खोटं बोलण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

मी सगळ्या बाजूंनी विचार करून झालो आहे. मंदाबाईला तो पत्ता कुणी सांगितला असेल का? सांगणारा जगात कुणी नव्हता. मी वहीत नंतर लिहिलं असेल का? बारा ओळी एका दमात, एका शाईत आहेत. योगायोग? एखादा आकडा जुळला असता तर मीच म्हटलं असतं योगायोग. इथे पत्ता, जुना, नवा, तिन्ही. आणि मुळात, कोऱ्या कागदावर तिला टाईप केलेली ओळ दिसलीच कशी? या सदरात दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मी पहिल्या परिच्छेदातच त्याला खोटं पाडलं असतं.

राहिलं ते एक, जे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पाकीट आल्याचं साहेबांना कळलं होतं. ते म्हणाले, मंदाबाईला बोलाव आणि उरकून टाक. मी म्हटलं, एकच ओळ आहे, एकटा करतो. खोलीत जाऊन पडदा ओढला. कागद समोर ठेवला. किती वेळ बसलो होतो कोण जाणे. पडदा हलला आणि मंदाबाई आत आली. ती न बोलावता त्या खोलीत कधी येत नसे. मी कागदावर तळहात ठेवला.

ती स्टुलावर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "भाऊ, एक इचारू? किती दिवसाचं मनात हाय. खरं सांगजा."

मी मान हलवली.

"मांगच्या टायमाले कागदावर नसलेली ओळ वाचली ना मी... अन् वरून म्हटलं, राहू द्या. ते गेले तवापासून मले झोप नाई. वाट्टे, मी काईतरी भलतंच वाचलं, तुमी ते मशिनीत टाकलं, अन् त्याच्यानंच झालं." मग तिने विचारलं, "ठेवली होती का तुमी ती ओळ?"

माझ्या तळहाताखाली ती ओळ होती. खरं सांगायचं तर दोन वाक्यं लागत होती. पहिलं मी बोललो.

"नाही. त्याच दिवशी काढली मी ती."

ती पदर तोंडाला लावून रडली, जानेवारीपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. दुसरं वाक्य माझ्या अगदी जिभेवर होतं. ते आजही तिथेच आहे.

"देवानंच तुमाले बुद्धी देली, भाऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "भल्ले उपकार झाले तुमचे माह्यावर."

आणि ती बाहेर जाऊन परत कामाला बसली. मी कागदावरचा हात काढला, एकट्यानेच ती ओळ वाचली आणि एकट्यानेच टाईप केली. ती तिला आधी कुठून दिसली, आणि दिसायचीच होती तर ती काढून टाकणाऱ्या माझ्यासारख्या माणसासमोरच का दिसली, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.